हिलाल, खारशेत

बदरुद्दीनभाई माझ्या थोरल्या बहिणीचे, सफियाचे, नवरे. त्यांना विडीकाडीचं व्यसन नव्हतं, आणि कधी कधी वाटतं, असतं तर बरं झालं असतं. त्यांना हिलालचं व्यसन होतं. हिलाल म्हणजे आमच्या खारशेत गावची क्रिकेट टीम. रत्नागिरीच्या बाजूला खाडीच्या काठावर आमचं गाव, समोरच्या काठावर पाजवे. दर वर्षी पीरबाबाच्या उरुसाला, भात कापून मोकळ्या झालेल्या खाजणात काथ्याचं मॅटिंग अंथरून दोन गावांची मॅच व्हायची, आणि बहुतेक वेळा आम्ही हरायचो.

भाई लहानपणापासून त्या टीमच्या मागे. स्वतः त्यांना धड बॅट धरता येत नव्हती. दहा गडी जमले आणि अकरावा मिळेना की त्यांना उभं करायचे. वय वाढलं तसे ते अंपायर झाले, फाटकं मॅटिंग शिवायला लागले, बॅटींना तेल पाजायला लागले. त्यांच्या वलीम्याच्या, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाच्या, दिवशीच पाजव्याची मॅच आली होती. नवरा मुलगा पाहुणे सोडून खाजणात गेला आणि संध्याकाळी हरून परत आला. सफिया हे अजून सांगते. पूर्वी हसत सांगायची.

पन्नास सालानंतर कधीतरी भाई कुवेतला आले. तेव्हा इथे रस्ते कमी आणि वाळू जास्त होती. तेलाच्या मोठमोठ्या टाक्या रंगवायचं आणि दुरुस्त करायचं काम घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत ते पेंटर म्हणून लागले आणि हळूहळू फोरमन झाले. काम चोख, शब्दाचा माणूस, साहेबाचा विश्वास. त्यांनी नाव दिलं की कंपनी त्या माणसाचा व्हिसा काढायची. असा माणूस गावाला लाभला म्हणजे गावाचं सोनं झालं, असं कुणालाही वाटेल.

पण भाईंच्या डोक्यात हिलाल. दुसऱ्या गावचे लोक आधी भाच्याला आणतात, मग साडूला, मग शेजाऱ्याच्या पोराला. आमच्या भाईंनी आधी सलामीचा बॅट्समन आणला, मग विकेटकीपर. आमचा चुलतभाऊ घरी पासपोर्ट घेऊन बसला होता, पण तो चेंडू टाकताना अंपायरलाही हसू यायचं, म्हणून तो बसूनच राहिला. मी कसा आलो, हा प्रश्न रास्त आहे. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. मला इंग्रजी येत होतं, कंपनीला स्टोअरकीपर हवा होता, आणि माझा व्हिसा निघेपर्यंत चूल पेटणार नाही असं सफियाने सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

कुवेत शहराबाहेरच्या खैतान वस्तीत आमची मोठी खोली होती. तिथे सगळे खारशेतचे. पाजव्याची माणसं फरवानियाच्या बाजूला राहायची. त्यांचा म्होरक्या रियाज, त्याचं किराण्याचं दुकान, आणि त्याच्याभोवती ड्रायव्हर, शिंपी, दुकानातली पोरं अशी पुरी फौज. उरूस तिकडे गावात व्हायचा तेव्हा त्याच्या जवळच्या शुक्रवारी इथेही खारशेत विरुद्ध पाजवे मॅच ठरून गेली. खैतानच्या मागे सपाट रान होतं. जळकं तेल वाळूत कालवून पट्टी दाबायची, वर मॅटिंग ठोकायचं, की झालं मैदान. इथेही आम्ही हरायचो. तिकडे निदान समोर आपली खाडी असायची.

दर वर्षी हरल्यावर भाई जेवत नसत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस, हाताखाली तीस-चाळीस कामगार, आणि ताट पुढे ढकलून भिंतीकडे तोंड करून निजायचा. मला राग यायचा. मी एकदा म्हणालोही, की गावात मशिदीचं छप्पर गळतंय, त्याचं तुम्हाला एवढं दुःख नाही. ते उठून बसले आणि शांतपणे म्हणाले, की छपराला कौलं मिळतात, पण फास्ट बोलर कुठे मिळतो?

तो मिळाला. मुस्तफा. नूरबानू नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा. बाप मचव्यावर गेला तो परत आलाच नव्हता, म्हणून आईने पोराला कधी समुद्रावर पाठवलं नाही. खाडीत होडी वल्हवायची, जाळं टाकायचं, चार माडांची राखण करायची, एवढंच त्याचं काम. उंच, सडपातळ, लाजाळू. बोलताना खाली बघायचा. पण बांधावरून धावत यायचा आणि चेंडू सोडायचा तेव्हा पाजव्याचे भलेभले मागे सरकायचे.

एकसष्ट साली भाई सुट्टीवर गेले ते मुस्तफासाठीच. नूरबानू तयार नव्हती. भाई रोज जाऊन तिच्या पडवीत बसायचे. शेवटी त्यांनी तिला शब्द दिला, की पोरगा माझ्या नजरेखाली राहील, त्याच्या अंगाला ओरखडा येणार नाही. सफिया तिथे होती. तिने मला नंतर सांगितलं, की नूरबानूने त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं आणि मग आत जाऊन मुलाचे कपडे धुवायला काढले.

त्या वर्षी कंपनीला रिगर हवे होते. टाकीभोवती उंच परांची बांधायची, दोर-कप्प्या लावून सामान वर चढवायचं, हे रिगरचं काम. ते अनुभवानेच येतं. मुस्तफा मुंबईच्या गोदीत तीन वर्षं रिगर होता, असं भाईंनी त्याच्या कागदावर लिहवलं. त्या पोराने मुंबई पाहिली ती आगबोटीत चढण्यापुरती. इथे आल्यावर साहेबाने त्याचे हात बघितले. वल्ह्यांनी आणि दोरांनी तळव्यांना घट्टे पडलेले होते. साहेब म्हणाला, ठीक आहे.

गावाकडून रिगर म्हणून आलेले आणखी होते, आणि त्यांनाही सुरुवातीला काही येत नव्हतं. पण ते शिकले. सहा महिने जुन्या माणसाच्या पाठीमागे फिरायचं, आधी कमरेइतक्या उंचीवर, मग छपराइतक्या, शिव्या खायच्या, गाठी मारायच्या आणि सोडायच्या. असेच सगळे तयार झाले. मुस्तफा तेवढा झाला नाही, कारण भाईंनी होऊ दिला नाही. परांची चढली की खांदा दुखावतो, दोर ओढला की बोटं जातात. म्हणून मुस्तफाला खाली ठेवायचं. ब्रश धुणं, डबे भरणं, चहा आणणं. साहेब आला की त्याच्या हातात दोर द्यायचा आणि साहेब गेला की काढून घ्यायचा.

मुस्तफाला याची लाज वाटायची. दोनदा तो माझ्याकडे स्टोअरमध्ये येऊन म्हणाला, की झहूरभाई, तुम्ही सांगा ना भाईंना, मलाही काम शिकायचंय, बाकीचे हसतात. मी भाईंना सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. भाई म्हणाले, आधी पाजव्याला हरवू, मग त्याला काय शिकायचं ते शिकू दे. पहिल्या वर्षी आम्ही थोडक्यात हरलो. दुसऱ्या वर्षी ऐन वेळी मुस्तफाच्या टाचेला लागलं. तिसरं वर्ष म्हणजे चौसष्ट. त्या वर्षी त्याची बोलिंग अशी पडत होती, की पाजव्याचा रियाज स्वतः खैतानला येऊन लांबून बघून गेला, आणि जाताना माझ्याकडे चहा न पिता गेला.

मॅचला आठवडा राहिला होता. गावाहून नवं कोरं मॅटिंग आगबोटीने आलं होतं. ते सोडवायला भाई सकाळीच बंदरावर गेले. कस्टमवाल्यांनी त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. इकडे एका टाकीचं काम मागे पडलं होतं आणि तिकडून वरचा साहेब पाहणीला येणार होता. आमच्या साहेबाने सगळ्या रिगरना वर चढवलं. खाली बसलेल्या मुस्तफाकडे बोट करून त्याने विचारलं, हा कोण? कुणीतरी म्हणालं, रिगर. मग चढव त्याला, साहेब म्हणाला. यात साहेबाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याच्याकडच्या कागदावर तेच होतं.

मुस्तफा हसत चढला, असं सगळे सांगतात. मी ते बघितलं नाही. मला आवाज ऐकू आला. वरच्या फळीला त्याने गाठ मारली होती, ती होडी बांधायची गाठ होती. ओढ बसली की घट्ट होते आणि ओढ सुटली की ढिली पडते. होडीला तेच हवं असतं. मी पोचलो तेव्हा तो कुशीवर पडला होता आणि त्याचा उजवा हात अंगाखाली होता. श्वास नव्हता.

भाई मॅटिंग घेऊन कंपनीच्या पिकअपमधून आले. गर्दी बघून ते उतरले, चालत आले, आणि आधी त्यांनी मुस्तफाचा हात अंगाखालून काढून सरळ केला. मग ते तिथेच खाली बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली.

दुपारनंतरची, असरची नमाज झाल्यावर आम्ही त्याला पुरलं. रियाजने दुकान बंद केलं आणि कफनाचं कापड आणलं. पाजव्याच्या पोरांनी आम्हाला खांदा बदलू दिला नाही, शेवटपर्यंत तेच घेऊन गेले. इथे कबरीवर नाव नसतं, एक दगड असतो. वारा सुटला होता, तोंडात वाळू जात होती. मॅच अर्थातच झाली नाही. मॅटिंग गुंडाळलेलं खोलीच्या दाराशी पडून राहिलं आणि जाता-येता सगळे त्याला वळसा घालायचे.

कंपनीची चौकशी लागली. ती सरळ होती. मुस्तफा शिकलेला रिगर होता असं फोरमनने सांगितलं, तर चूक त्याची स्वतःची, प्रकरण संपलं. तो शिकलेला नव्हता असं निघालं, तर अडाणी माणूस वर चढवल्याचा दोष कंपनीवर, त्याच्या आईला भरपाई, आणि खोटा कागद देणाऱ्या फोरमनला पहिल्या बोटीने घरी. आणि एकदा गेला की परत यायचं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळी हिलाल भाईंच्या कॉटभोवती बसली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. मेलेला परत येत नाही. भाई गेले तर आमचं इथे कोण? आमचेही कागद तसलेच. नूरबानूला आपण सगळे मिळून दर महिन्याला पाठवू. विकेटकीपर तर रडत होता. तुम्ही गेलात तर हिलाल संपली, असं तो म्हणाला, आणि त्या वाक्यावर भाईंनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, हे वाक्य बरोबर जागी लागलं. आता हा माणूस खोटं बोलणार, आणि त्या विधवेच्या पोराच्या नावावर चूक लिहून मोकळा होणार. त्या क्षणी मला माझ्या बहिणीच्या नवऱ्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत भाषांतर करायला मला बोलावलं. भाई इस्त्रीचा सदरा घालून आले होते. साहेबाने विचारलं, हा माणूस अनुभवी रिगर होता का?

"नाय," भाई म्हणाले. "त्याला काय येत नव्हतं. कागद मी खोटा केला. बाकीचे सगळे कामात तयार हायत, त्यांना विचारा, काम करून दाखवतील. यालाच मी शिकू दिला नाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने विचारलं, का शिकू दिलं नाही?

"खांदा दुखावला असता. बोलिंगसाठी ठेवला होता."

साहेब इंग्रज होता. त्याने पेन खाली ठेवलं. मग हळूच एकच शब्द विचारला, फास्ट? त्याला भाषांतराची गरज नव्हती. भाईंनी मान हलवली. साहेबाने स्वतः उठून खुर्ची पुढे केली. पण त्याने लिहायचं ते लिहिलंच.

भाईंना निरोप द्यायला बंदरावर मी एकटा गेलो. बाकीच्यांना त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. एवढी वर्षं राहून त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक वळकटी. मी विचारलं, नूरबानूला काय सांगणार? ते म्हणाले, जे साहेबाला सांगितलं तेच. मी म्हटलं, भाई, सगळं सांगायची गरज नाही, पोरगा पडला एवढं पुरे. त्यांनी वळकटी उचलून खांद्यावर घेतली. मला तेव्हा उमगलं, की हा माणूस कुठे चाललाय. गावातली सगळी हिलाल त्याने वेचून वेचून कुवेतला आणली होती. आता तो अशा गावात जाणार होता, जिथे संध्याकाळी खाजणात चेंडू टाकायला एक तरणा पोर उरला नव्हता. उरली होती ती नूरबानू, आणि तिचं घर भाईंच्या घराला लागून.

बोटीच्या शिडीशी त्यांनी माझा दंड धरला.

"झहूर, पुढच्या उरुसाला मॅच झाली तर मना कलवू नको. हरलो तरी नको नि जिंकलो तरी नको."

मी बरं म्हणालो.

पुढच्या वर्षी मॅच झाली. पोरांनी मॅटिंग उलगडलं आणि ठोकून टाकलं. मुस्तफाच्या जागी कुणी बोलरच नव्हता. चेंडू दिला तो आमच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या म्हाताऱ्याला, ज्याला भाईंनी कधी टीममध्ये धरलं नव्हतं. तो चालत यायचा आणि चेंडू हळूच वर उडवायचा. पाजव्याचे गडी तो मारायला पुढे सरसावायचे आणि चुकायचे. जेवणाच्या वेळेआधी पाजवे गारद. आम्ही आरामात जिंकलो. सगळ्या जन्मात मी बघितलेला हिलालचा तो पहिला विजय, आणि त्यात घाम गाळावा असं काही नव्हतं.

पोरांनी आधी उड्या मारल्या, मग एकेक जण मॅटिंगच्या कडेला जाऊन बसला. प्रत्येकाच्या मनात एकच आलं असणार, कारण माझ्याही मनात तेच आलं. यासाठी मुस्तफा लागतच नव्हता. तो घरी आईजवळ राहिला असता, माड राखत बसला असता, तरी चाललं असतं. विकेटकीपर म्हणाला, भाईंना तार करू या. मी त्याच्यावर असा ओरडलो, की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

भाईंनी कळवू नको म्हटलं होतं, पण मी त्यांना ओळखत होतो. महिन्या-दोन महिन्यांनी इथून कुणी सुट्टीवर गेला, की ते खाडीच्या धक्क्यावर उभे असणार आणि विचारणार. म्हणून मी सगळ्यांना खोलीत बसवून सांगितलं, की आपण हरलो आहोत. गावी जाऊन हेच सांगायचं. फरवानियाला जाऊन रियाजलाही सांगितलं. पाजव्याला खोट्या विजयाची गरज नव्हती, तरी रियाज ऐकून घेत शेवटी म्हणाला, मी पुढल्या महिन्यात जातोय, मीच सांगतो. शत्रूच्या तोंडून ऐकलं म्हणजे शंका राहणार नाही.

रियाज जाऊन आला आणि मला दुकानात मागे बसवून त्याने सगळं सांगितलं. गावात पोचल्या दिवशीच भाईंनी नूरबानूला खरं ते सांगितलं होतं. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. भाई रोज सकाळी तिच्या दाराशी पाण्याच्या कळशा ठेवायचे, ती कळशा आत घ्यायची, पण शब्द नाही. वर्ष असंच गेलं. रियाज होडीतून उतरला तर भाई धक्क्यावर होतेच. खूप वाळले होते. त्यांनी सलाम केला, बायकामुलांची चौकशी केली, आणि मग राहवलं नाही.

"मॅच काय झाली?"

"आम्ही जिंकलो," रियाज म्हणाला. "तुमच्याकडे बोलरच नव्हता."

भाईंनी डोळे मिटले. मग ते तडक नूरबानूच्या घरी गेले. रियाजही मागोमाग गेला, त्याला भीती वाटत होती. भाई पडवीच्या खाली उभे राहिले, वर चढले नाहीत, आणि मोठ्याने म्हणाले, की नूरबानूभाभी, मुस्तफा नव्हता म्हणून आपले हरले. त्याच्याबिगर जमलंच नाय. नूरबानू दारात आली. ऐकत उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडताच तिने आतून पाट आणून भाईंना बसायला दिला.

रियाजने डोळे पुसले. आता दर वर्षी उरूस होतो, दर वर्षी आम्ही खेळतो, कधी जिंकतो, कधी हरतो. गावी निघालेल्या माणसाची पेटी बांधून झाली, की मी त्याला बाजूला घेतो आणि विचारतो, घरी गेल्यावर काय सांगायचं? हरलो, असं तो म्हणतो, आणि मग मी त्याला जाऊ देतो.